बहिणीचा अंगठा घेण्याआधी

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत दिवाणी वकिली करते. वाटणीचे दावे, वारस नोंदी, फेरफारावरच्या हरकती, यातच माझे दिवस जातात. हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण सरळ आहे. वडील वारल्यावर शेतीला वारस लावणारा तलाठी आपल्या खात्यातला. त्याच शेतीवरचा बहिणीचा हक्क सोडल्याचा दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधकही आपल्याच खात्यातला. संसदेने लेकीला दिलेला वाटा या दोन टेबलांच्या मधल्या वाटेत हातचा जातो, आणि त्या वाटेत तिला बाजूला घेऊन ‘बाई, तुला हे सगळं समजलं का’ असे विचारण्याची कुणावर सक्ती नाही. ती सक्ती आणणे आपल्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागत नाही.

आधी हिशेब मांडते, कारण हा हिशेब स्वतः बहिणींनाही क्वचितच कुणी सांगितलेला असतो. वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. दोन भाऊ, एक बहीण. आई आधीच गेली, आता वडील गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वडील वारण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरायचे: वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर तिन्ही लेकरांत वाटायचे. भावांना चार-चार एकर, बहिणीला एक. २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकही जन्मानेच सहहिस्सेदार झाली, त्यामुळे आज त्याच नऊ एकरांत तिघांना तीन-तीन एकर येतात. एक एकर ते तीन एकर, एवढे अंतर कापायला या देशाला ४९ वर्षे लागली. मुखेडच्या नाहीतर निलंग्याच्या रजिस्ट्री ऑफिसात मात्र तीनाचे शून्य व्हायला एक दुपार पुरते.

भाऊ म्हणतात, ‘बहिणीला शेत द्यायची आपल्यात रीत नाही.’ सरपंच तेच म्हणतात, शिकलेले सोयरेही तेच म्हणतात. म्हणून या रीतीचा इतिहास आपल्यापुढे ठेवते. तो आमच्या अगदी शेजारी घडलेला आहे.

निलंगा तालुक्याची शीव ओलांडली की बिदर जिल्हा लागतो, आणि त्यात बसवकल्याण. आज ते कर्नाटकात आहे. १९५६ पर्यंत ते आणि आमचे लातूर-नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते. हेच चालुक्यांचे कल्याण. विक्रमादित्य सहावा १०७६ ते ११२६ या काळात तिथे राज्य करत होता आणि त्याच्या राजवटीत विज्ञानेश्वर याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहीत होता. ती टीका म्हणजे मिताक्षरा. बंगाल-आसामात जीमूतवाहनाचा दायभाग चालला. तो भाग वगळला तर जवळपास साऱ्या देशातल्या हिंदू घरांच्या वाटण्या पुढची आठ-नऊ शतके या एका ग्रंथाच्या आधाराने झाल्या. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो, तो बापाच्या मर्जीवर नाही, हे तत्त्व याच ग्रंथाने पक्के केले. आमच्याकडच्या दाव्यात वकील आजही ‘जन्मसिद्ध हक्क’ म्हणतात, त्यामागे कल्याणचा तो पंडित उभा असतो.

पण विज्ञानेश्वराने आणखी एक गोष्ट केली आणि ती फारशी सांगितली जात नाही. स्त्रीधनात काय काय येते, हे सांगताना त्याने आपली नजर लग्नात मिळालेल्या दागिन्यांपुरती ठेवली नाही. बाईला वारशाने मिळालेले, खरेदीने मिळालेले, वाटणीत आलेले, असे सारे त्याने तिच्या मालकीच्या धनात घेतले. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा माणूस हे लिहून गेला. हा अर्थ अरुंद झाला तो लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बाईला वारशाने आलेली मिळकत तिच्या हयातीपुरती, पुढे त्या मिळकतीवर तिची सत्ता नाही, असे तिथे ठरले. ज्या अरुंदपणाला आपण प्राचीन परंपरा समजून कुरवाळतो, त्यातला काही भाग गोऱ्या न्यायमूर्तींनी घडवलेला आहे.

दुसरा ग्रंथ व्यवहारमयूख. तो लिहिणारा नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीत होता, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे. गुजरातेत, मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात मिताक्षरेपेक्षाही या ग्रंथाचा शब्द मोठा मानला जाई. बहिणीला भावाच्या वारसांमध्ये मानाची जागा मिळाली ती याच ग्रंथामुळे. देशात इतरत्र ती तिला नव्हती. पुढे भारतरत्न पां. वा. काणे यांनी हा ग्रंथ संपादित केला. पश्चिम हिंदुस्थानच्या वारसा कायद्याचे हे दोन्ही आधार मराठवाड्याशी असे जोडलेले आहेत, आणि दोन्ही आधार आपापल्या काळाकडे बघून, आधीच्यांशी वाद घालून लिहिलेले आहेत. रीत कधीच एका जागी उभी नव्हती.

गावपातळीवर तर ग्रंथही नव्हता. भांडण आले की गोत बसायचे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते जमायचे, निकालाचा महजर लिहिला जायचा आणि लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची निशाणी करायचा. इंग्रजांनी १८२७ साली मुंबई इलाख्यात कायदा केला तेव्हा ग्रंथाच्या आधी मुलखातल्या रूढीला जागा दिली. एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टीलने दख्खनच्या जातीजातींत विचारपूस करून चालीरीती लिहून काढल्या, त्या याच सुमारास. १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले की स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनापेक्षा वरचढ. हे सारे निजामाच्या हद्दीबाहेरचे असले तरी त्याचे वजन इथेही पडले. इथल्या दरबाराची भाषा उर्दू. आजही जुन्या वाटणीच्या दाव्यात एखादा उर्दू कागद निघतो आणि तो वाचणारा शोधत आम्ही नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यांत फिरतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला, तोही हयातीपुरताच. निजामाच्या राज्यातल्या विधवेला तेवढाही मिळाला नाही. १९४८ साली राज्य भारतात आल्यानंतरही तिला काही वर्षे थांबावे लागले. आमच्या पणज्या-आज्या दिराच्या ओसरीवर भाकरीला महाग होऊन बसल्या, त्यामागे केवळ नशीब नव्हते. सीमेपलीकडे सोलापुरात जो कायदा होता तो अलीकडे उस्मानाबादेत नव्हता.

मग डॉ. आंबेडकरांचे हिंदू संहिता विधेयक आले. त्याआधी राव समितीने केलेल्या मसुद्यात लेकीला मुलाच्या निम्मा वाटा होता. आंबेडकरांच्या हातून तो मुलाइतका झाला. तेवढ्यावरून काय गदारोळ उठला ते आपण जाणता. विधेयक रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्या एका विधेयकाचे चार कायदे झाले. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला अमलात आला. तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यात होते. साडेचार महिन्यांनी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नव्या राज्याच्या आधी नवा वारसा कायदा आमच्या दारात आला होता.

त्या कायद्याने दोन मोठी कामे केली. कलम १४ ने हयातीपुरती मालकी संपवली. बाईच्या ताब्यातले जे आहे ते पुरतेपणी तिचे झाले. आणि कलम ४ ने सांगितले की ज्या बाबतीत हा कायदा बोलतो, तिथे आधीचे ग्रंथवचन, रूढी, वहिवाट काही चालणार नाही. १८६८ मध्ये रूढी ग्रंथाच्या वर होती. १९५६ मध्ये कायदा दोन्हींच्या वर बसला. फक्त एका ठिकाणी संसद माघारली. मुलाचा जन्मसिद्ध हक्क तिने तसाच ठेवला आणि लेकीला त्याबाहेर उभे केले. माझ्या वरच्या हिशेबातला एक एकर तिथून आला.

आंध्रने १९८६ मध्ये, तामिळनाडूने १९८९ मध्ये ही चूक आपापल्यापुरती दुरुस्त केली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून केली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. एकाच घरात थोरल्या बहिणीला सहहिस्सा नाही आणि धाकटीला आहे, अशी घरे मी पाहिली आहेत. थोरलीने लहानपणी त्याच शेतात जास्त खुरपले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली: लेकीचा हक्क जन्माचा आहे, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असे नाही. विज्ञानेश्वराने जे तत्त्व मुलाला लावले तेच लेकीपर्यंत पोचले. मला या वाटचालीचा अभिमान आहे. एवढ्या जुन्या ग्रंथातला न्याय पुढे नेऊन त्यातला अन्याय काढून टाकणे हे मोठ्या देशाचे काम आहे.

आणि म्हणूनच रजिस्ट्री ऑफिसात जे चालते ते मला सहन होत नाही.

तो दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी भाऊ गाडी करून बहिणीला तिच्या सासरहून आणतो. दस्त आधीच टाइप झालेला असतो. त्यात गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा आणि ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता’ हे ठरलेले वाक्य असते. ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली दोन-चार कुटुंबे टोकनची वाट बघत बसलेली असतात. नंबर आला की बहीण आत जाते, पदर सारखा करते, कॅमेऱ्यात बघते. ‘आक्का, हितं अंगठा ठेव. दाबून.’ मशीनवर अंगठा उमटत नाही, कारण खुरपून-निंदून रेषा झिजलेल्या असतात. मग ती तो पदराला पुसून पुन्हा ठेवते. साहेब विचारतात, दस्त मान्य आहे का? ती भावाकडे बघते आणि मान हलवते. ओळखदार सह्या करतात. बाहेर आल्यावर भाऊ तिला साडी घेतो, खानावळीत जेवू घालतो आणि संध्याकाळच्या आत सासरी पोचवतो. अशाच एका दुपारी, सगळे उरकल्यावर, मुखेडकडची एक बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘वकीलबाई, ह्याच्यात माझं किती होतं?’ दीड एकर होते. कॅनॉलच्या कडेचे.

साहेबांनी काही चूक केली नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे त्यांनी एवढेच बघायचे असते की समोरची व्यक्ती तीच आहे आणि दस्त करून दिल्याचे ती कबूल करते. तिला तिचा वाटा ठाऊक आहे का, हे विचारायला कायदा त्यांना सांगत नाही. नेमकी ही फट रूढीने हेरली आहे. कलम ४ ने रूढीला पुढच्या दारातून हाकलले, तर ती नोंदणीकृत दस्ताच्या रूपाने मागून घरात आली, आणि आता तिच्यावर सरकारचाच शिक्का आहे. एकदा हा शिक्का बसला की माझ्यासारख्या वकिलाला कोर्टात तो उठवणे फार कठीण जाते. फसवणूक शाबीत करायची कशी? तिने मान हलवलेली असते, फोटोत ती दिसते.

हक्कसोडपत्र तरी निदान दस्त असतो. त्याच्या आधीचीही एक जागा आहे. वारस नोंदीच्या अर्जात बहिणींची नावेच नसतात, किंवा असली तर जुन्या सातबाऱ्यावर ती भोगवटादाराच्या रकान्यात न येता ‘इतर हक्कां’त ढकललेली असतात, जिथे विहिरीचा हिस्सा नि बँकेचा बोजा लिहितात. हरकतीची नोटीस चावडीवर डकवली जाते. देगलूरला नांदणाऱ्या बहिणीला औशाजवळच्या माहेरच्या चावडीवरचा कागद कसा दिसणार?

भावांची बाजू मी नाकारत नाही. मीही शेतकऱ्याच्याच घरची आहे. गेल्या काही हंगामांत लातूरच्या बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली गेले. तीन एकरांत चार माणसांचे घर चालत नाही. म्हाताऱ्या आई-बापाचे औषधपाणी भावाने केलेले असते, भावजयीने त्यांचे अंथरूण काढलेले असते. बहिणींची नावे लागली की पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि बँकेत खेटे वाढतात. हे सारे खरे आहे. कित्येक बहिणी हे जाणून, मनापासून हक्क सोडतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि मला तो काढून घ्यायचा नाही. पण जाणून सोडणे आणि न कळता जाणे यांत फरक करायला आपल्या कार्यालयात आज कोणतेही साधन नाही.

‘लग्नात दिलंच की’ या उत्तराला मात्र मी मान्यता देणार नाही. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, आणि दिलेला पैसा सासऱ्याच्या हाती पडला, लेकीच्या नाही. गुन्ह्याची रक्कम वारशाच्या हिश्शातून वजा कशी होईल? आणि ‘जावई येऊन परक्याला विकून टाकील’ ही भीती असेल तर तिच्यावर कायद्यात उपाय आहे. कलम २२ प्रमाणे, वारशाने एकत्र मिळालेल्या मिळकतीतला आपला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा झाला तर तो घेण्याचा पहिला मान इतर वारसांचा. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. भाऊ रास्त किमतीला बहिणीचा वाटा विकत घेऊ शकतो. पण जिचा वाटा फुकट मिळतो तिला किंमत कोण विचारणार?

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. जपानने १८९८ च्या नागरी कायद्यात घराण्याच्या कर्त्याला आणि थोरल्या मुलाला सारे काही दिले होते. महायुद्धानंतर १९४७ साली ते मोडून सर्व लेकरांना समान वारसा दिला गेला. त्यानंतर खेड्यापाड्यांत काय झाले? धाकटी भावंडे आणि बहिणी कायदेशीर कागद करून आपला वारसा सोडून देऊ लागली आणि शेत पूर्वीसारखेच थोरल्याकडे राहिले. कायदा बदलला आणि जुनी चाल त्याच कायद्याच्या कागदावर चालत राहिली. गोव्यातली पद्धत वेगळी आहे. पोर्तुगीज संहितेपासून तिथे लेकरांचा राखीव वाटा ठरलेला आहे. मृत्युपत्र करून बापालाही अर्ध्याच्या पलीकडे जाता येत नाही. आपल्याकडे वडील कलम ३० खाली आपला सगळा हिस्सा मुलांच्या नावे लिहून ठेवू शकतात, आणि ठेवतातही. समान नागरी कायद्याची चर्चा राज्याराज्यांत चालू आहे, उत्तराखंडात तो २७ जानेवारी २०२५ पासून लागूही झाला. त्या वादात मी इथे पडत नाही. जो कायदा हातात आहे तो मुखेडच्या बाईपर्यंत पोचवणे त्याच्याआधीचे काम आहे.

आणि हे फक्त हिंदू घरांत घडते असे समजू नये. नांदेडच्या, उदगीरच्या मुसलमान बहिणीचा वाटा, भावाच्या निम्मा का होईना, कुराणानेच ठरवून दिलेला आहे. तिचाही अंगठा तसाच घेतला जातो. लिंगायत, जैन, बौद्ध आणि नांदेडचे शीख या सगळ्यांना १९५६ चाच वारसा कायदा लागू आहे, आणि पद्धत सगळीकडे एकच. ज्या कल्याणात मिताक्षरा लिहिली गेली त्याच नगरात काही दशकांनी बसवण्णांनी बाई आणि पुरुष सारखे मानणारी शरणांची मांदियाळी उभी केली. त्यांना मानणाऱ्या आमच्या पक्षकारांनाही मी हे सांगते. काही ऐकतात.

किनवट आणि माहूर या तालुक्यांसाठी वेगळे लिहावे लागते. तिथल्या गोंड, कोलाम, आंध, परधान लेकींना हिंदू वारसा कायदाच लागू नाही. कलम २ ने अनुसूचित जमातींना बाहेर ठेवले आहे. त्यांचे सारे जमातीच्या रूढीवर, आणि ती रूढी लिहिलेली नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या कलमाचा विचार करायला सांगितले. १७ जुलै २०२५ ला छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, लेकींना वगळणारी रूढी शाबीत झालेली नसताना त्यांना वाटा नाकारणे समतेच्या हक्काला धरून नाही, असे सांगितले. किनवटच्या एकेका बाईने असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायचा का? जमीन बिगर आदिवासींच्या हाती जाईल, ही जमातीची भीती खोटी नाही. पण त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६ अ आहेतच, आणि त्यांची अंमलबजावणी आपल्याच खात्याकडे आहे. आदिवासी विकास खात्याला बरोबर घेऊन किनवट-माहूरच्या गावांत बायांना समोर बसवून ही रूढी काय आहे ते विचारा आणि लिहून काढा. स्टीलने १८२७ च्या सुमारास पुरुषांना विचारले होते.

आता माझे मागणे.

हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी दुय्यम निबंधकाने त्या बाईशी एकटीशी बोलावे. भाऊ, दीर, नवरा सगळे बाहेर. तिच्यापुढे एक पान मराठीत वाचून दाखवावे: कोणता गट, एकूण क्षेत्र किती, त्यात तिचा हिस्सा किती, रेडी रेकनरप्रमाणे त्याची किंमत किती, आणि आज सही केली नाही तरी तिचे काही बिघडत नाही. त्या पानाची एक प्रत तिच्या हाती द्यावी. नोंदणीचे नियम करण्याचा अधिकार नोंदणी महानिरीक्षकांना राज्य शासनाच्या मान्यतेने आहे, म्हणजे आपल्या सहीने हे होऊ शकते.

सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या रकान्यात बहिणीचे नाव लागल्याशिवाय तिचे हक्कसोडपत्र घेऊ नये. आज वारस आणि हक्कसोड एकाच दमात उरकतात; नाव लागते त्याच दिवशी जाते, कधी लागतही नाही. मध्ये निदान एक फेरफार प्रमाणित व्हावा. घरी गेल्यावर नवऱ्याशी, लेकीशी बोलायला तिला तेवढा वेळ मिळेल.

वारस नोंदीच्या अर्जासोबतची वंशावळ ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. मयत बहिणीची लेकरेही त्यात असावीत. ती हमखास राहून जातात. नोटीस प्रत्येक बहिणीच्या सासरच्या पत्त्यावर टपालाने आणि तिच्या स्वतःच्या मोबाइलवर जावी. भावाच्या नंबरवर गेलेली नोटीस तिला मिळाली असे धरू नये.

आणि दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी किती हक्कसोडपत्रे नोंदली गेली, त्यात हक्क सोडणाऱ्या बाया किती आणि पुरुष किती, हे तालुक्यानुसार जाहीर करावे. दस्त संगणकावरच नोंदले जातात, आकडे काढायला आपल्याला अवघड नाही. ते बघितल्यावर मला आपल्याला आणखी पटवून द्यावे लागणार नाही.

आपल्या खात्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मयत खातेदारांची नावे काढून वारसांची नावे लावण्याचे ते काम चांगले आहे. गावोगाव वर्षानुवर्षे आजोबा-पणजोबांच्या नावाने सातबारे चालू होते. पण मोहिमेच्या घाईत बहिणीची नोंद वगळून झालेला सातबारा जुन्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या पिढीला तो पुरावा म्हणून दाखवला जाईल. पुढचा टप्पा निघेल तेव्हा वर सांगितलेल्या गोष्टी दोन्ही जिल्ह्यांतल्या एकेका तालुक्यात आधी करून बघाव्यात. नांदेडमध्ये मुखेड आणि लातूरमध्ये निलंगा घ्यावा, असे मी सुचवते. दोन्हीकडे जमिनीचे व्यवहार भरपूर आहेत आणि तिथले वकील मदतीला येतील. वाचून दाखवायच्या पानाचा मसुदा साध्या मराठीत आम्ही तयार करून देतो, उर्दू, कन्नड आणि गोंडी जाणणाऱ्यांकडून तो त्या भाषांतही करून घेतो. पैसे नकोत. आपल्या कार्यालयाने वेळ दिली की मसुदा घेऊन मुंबईला येते.

आपली,
एक दिवाणी वकील
लातूर